वेंडेल यांचं स्वतःचं वाक्य

आमच्या विद्यापीठात मानव्यविद्यांचं एक संशोधन केंद्र आहे आणि त्या केंद्रात बिनखिडकीची एक खोली आहे. ती माझी. दारावर पाटी आहे, 'डॉ. लेस्या कोस्टिन्युक, संशोधन साहाय्य'. त्यातलं 'डॉ.' मी भांडून लावून घेतलं. प्राध्यापक मंडळी अनुदानासाठी अर्ज करतात, ते वाचण्याजोगे करायचे. पुस्तकं लिहितात, ती छापण्याजोगी करायची. प्रकाशकाच्या अनामिक परीक्षकांनी त्या पुस्तकांचे वाभाडे काढले की ते लेखकाला सोसतील अशा भाषेत समजावून सांगायचे. सस्कातून शहरात अकरा वर्षं मी हेच करते आहे. एवढ्या काळात माझ्या हाताखालून एकोणीस पुस्तकं छापून गेली. माझं स्वतःचं मात्र निम्मंच लिहून झालंय.

ते पुस्तक गावाकडच्या टेलिफोनवर आहे. आमच्या आजोबांच्या वेळी इथल्या सपाट माळावर एकेका तारेवर बारा-बारा घरं असायची. एका घरची घंटी वाजली की बाकीच्या अकरा घरांतल्या बायका श्वास रोखून रिसीव्हर उचलायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाची सोयरीक मोडली, सगळ्या गावाला जेवणाआधी ठाऊक. त्या ऐकणाऱ्या बायकांवर मी पीएचडी केली. प्राध्यापकी मिळाली नाही, कारण त्या साली माझ्या विषयाच्या देशभरात मिळून तीन जागा निघाल्या आणि त्या तिन्ही ज्यांच्या होत्या त्यांनाच मिळाल्या. मग ही नोकरी घेतली. दोन वर्षांपुरती, असं आईला सांगितलं होतं.

गेल्या सप्टेंबरात टोरांटोच्या एका प्रतिष्ठानाची जाहिरात आली. तसं दरवर्षीच येते, मी ती प्राध्यापकांना पाठवते. वर्षभर पगार, बसायला ग्रंथालयात खोली, काम एकच, आपलं पुस्तक पुरं करणं. अट अशी की पीएचडीला बारा वर्षांहून जास्त झालेली नसावीत. मला अकरा वर्षं दहा महिने झाले होते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

शेजारच्या खोलीतल्या ट्रूडीला तेवढं सांगितलं. ती अनुदानांचा हिशेब बघते आणि कुणाची भीडमुर्वत ठेवत नाही.

"भर की गं बाई," ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या बारशाला घुगऱ्या वाटून वाटून म्हातारी व्हायचंय का? शिफारस कुणाची लागते?"

"केंद्राच्या संचालकांची."

"वेंडेलची? म्हणजे तुझीच म्हण ना!" आणि ती इतकी हसली की कॉफी सांडली.

हसण्यासारखंच होतं. आमच्या या धंद्यात एक रीत आहे. ज्याला शिफारसपत्र हवं त्यानेच त्याचा मसुदा लिहून आणायचा, मोठ्या माणसाने चार शब्द इकडचे तिकडे करून सही ठोकायची. सगळे करतात, कुणी बोलत नाही. आमचे संचालक वेंडेल ओगल्व्ही यांनी त्याच्याही पुढची सोय काढली होती. कुणीही पत्र मागायला आलं की ते म्हणायचे, "लेस्याला भेटा." त्यांच्या सहीची दोनशेच्या वर पत्रं मी लिहिली असतील. ती त्यांच्या ई-मेल खात्यातून पाठवायचेही मीच. वेंडेल कुठे श्वास घेतात, कुठे बोचरं बोलतात, हे त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त कळतं.

शिफारसपत्र वाचायचं कसं, हेही मला त्यांनीच शिकवलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून ते म्हणाले होते, "हे बघ, या पत्रांत कुणी कुणाची निंदा करत नाही. स्तुतीच वाचायची, पण नीट वाचायची. 'कष्टाळू' म्हणजे बुद्धी बेताची. 'होतकरू' म्हणजे अजून काही केलेलं नाही. 'सगळ्यांशी मिळून-मिसळून वागते' म्हणजे दुसरं काही सापडलं नाही. आणि 'हिच्यावाचून आमचं चालत नाही' असं कुणी लिहिलं, तर समजायचं की ही कामाची बाई आहे, विद्वान नव्हे. असला अर्ज बाजूला ठेवायचा." हे सांगून ते खूश होऊन हसले होते, आणि मीही हसले होते. तेव्हा मला हे दुसऱ्यांबद्दल चाललंय असं वाटत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या खोलीला मोठी खिडकी आहे, तिच्यातून नदी दिसते. माझं बोलणं त्यांनी नदीकडे बघतच ऐकून घेतलं.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर."

"आणि मग परत येशील?"

"तुम्ही ठेवलंत तर येईन की."

"येणार नाहीस तू." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. "जायलाच हवंस म्हणा. भर अर्ज. आणि पत्राचं..." ते जरा अवघडले. "तूच लिहून आण. आपलं नेहमीप्रमाणे."

दोनशे पत्रं लिहिलेली बाई मी. पण स्वतःचं पत्र लिहायला बसले आणि चार दिवस एक ओळ धड उतरेना. दुसऱ्याला 'असामान्य' म्हणताना माझा हात कधी अडखळला नव्हता. स्वतःला म्हणताना लाज वाटायची, खोडायचे, आणि खोडलं की राग यायचा. शेवटी मी एक युक्ती केली. ही कोस्टिन्युक म्हणून कुणी दुसरीच आहे, आपल्या गिऱ्हाइकांपैकी एक, असं धरून चालले. मग दोन तासांत पत्र झालं. फर्डं झालं. विषयाचं महत्त्व, पद्धतीचं नावीन्य, दोन प्रसिद्ध झालेले लेख, सगळं जिथल्या तिथे. उमेदवाराने आपलं शिफारसपत्र बघायचं नसतं, तसं अर्जात लिहून द्यावं लागतं. ती सही मी आदल्याच दिवशी करून बसले होते.

अर्जाची मुदत होती पंधरा तारखेला, टोरांटोच्या घड्याळाप्रमाणे पाच, म्हणजे आमच्याकडे तीन. त्या दिवशी दुपारी एक वाजता वेंडेल यांच्याकडून सही केलेलं पत्र परत आलं. 'एक ओळ घातली आहे, बाकी उत्तम. आता पाठवून दे,' एवढंच वर लिहिलेलं. अकरा वर्षांत त्यांनी कुठल्या पत्रात स्वल्पविरामही घातला नव्हता. मी ओळ शोधली. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होती.

'खरं सांगायचं तर लेस्यावाचून आमचं केंद्र एक दिवस चालणार नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांची पुस्तकं तिच्यामुळे उभी राहिली, आणि आम्ही तसं तिला एकदाही सांगितलेलं नाही.'

मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा डोळे भरून आले, हे कबूल करते. कारण खरंच कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा नोकरीचा पहिला आठवडा आठवला. तिसऱ्यांदा वाचून मी तशीच उठले आणि दार न ठोकता त्यांच्या खोलीत शिरले.

"ही ओळ कशाला घातलीत?"

"का? खरी नाही?"

"खरी आहे म्हणूनच विचारते. 'हिच्यावाचून चालत नाही' म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलं?"

ते खोटं बोलतील असं मला वाटलं होतं. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण त्यांनी चष्मा काढला आणि स्वेटरला पुसत बसले.

"मला ठाऊक आहे त्याचा अर्थ," ते म्हणाले. "काल मी ती ओळ लिहिली, पुसली, आज परत लिहिली. लेस्या, मला हे एकदा कुठेतरी लिहायचं होतं गं. आणि तू जाऊ नयेस, असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे. आता यातलं कुठलं आधीचं, ते मला विचारू नकोस."

"माझं शेवटचं वर्ष आहे हे."

"माझीही निवृत्तीला दोनच उरलीत. ती दोन वर्षं या खुर्चीत मी एकटा काय करू? मला साधा खर्चाचा तक्ता भरता येत नाही." ते कसनुसं हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी चष्मा परत चढवला. "तुझ्याकडे माझा पासवर्ड आहे. तुला योग्य वाटेल ते कर. मी नंतर उघडून बघणार नाही आणि तुला विचारणारही नाही. शब्द देतो."

किती उदार! म्हणजे ओळ ठेवली तर गळ्याला फास मी आपल्या हाताने लावायचा, आणि काढली तर सहीच्या पत्रात खाडाखोड केली म्हणून चोर मी. ते बिचारे नदी बघायला मोकळे.

खोलीत येऊन मी दार लावलं. पावणेदोन वाजले होते. ती ओळ अडीचपर्यंत पडद्यावर तशीच होती. मधे ट्रूडी डोकावली, माझा चेहरा बघून म्हणाली, "मेलं कोण?" आणि उत्तराची वाट न बघता कॉफी ठेवून गेली. दोन पस्तीसला मी ओळ काढली. काढल्यावर परिच्छेद मधेच तुटल्यासारखा वाटायला लागला, तेव्हा सवयीने तिथे एक सांधणारा तुकडा घातला, 'तिच्या संशोधनाचा आवाका लक्षात घेता'. दोन पन्नासला पत्र गेलं. वेंडेल यांच्या खात्यावर पोच आली, 'आपल्या मोकळ्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' ती मी पुसून टाकली.

हिवाळा लागला. वेंडेल यांनी शब्द पाळला. विषय काढला नाही, पण पूर्वीसारखे माझ्या दारात येऊन वायफळ गप्पाही मारेनासे झाले. मी दुसऱ्यांचे सात अर्ज पुरे केले आणि टोरांटोत भाड्याच्या खोल्या कुठल्या भागात परवडतात ते बघून ठेवलं. आईला सांगितलं. सांगायला नको होतं.

नकार फेब्रुवारीत आला. बाहेर उणे पस्तीस होतं. मागणी केली तर परीक्षकांचे शेरे पाठवतात, हे मला माहीत होतं; आमच्या प्राध्यापकांना मीच सांगते, मागवू नका, झोप उडते. मी मागवले. तिघांपैकी दोघांना विषय आवडला होता. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'प्रकल्प चांगला, पण निर्णय शिफारसपत्रावर अडला. पत्र अत्यंत सफाईदार आहे. संचालक या बाईंना अकरा वर्षं ओळखतात असं म्हणतात, पण ते त्यांना ओळखतात असं पत्रातल्या एकाही वाक्यावरून वाटत नाही. कुणाबद्दलही लिहिता येईल असं हे पत्र आहे.'

पहिल्यांदा मला स्वतःचाच अभिमान वाटला, इतकी मी या धंद्यात मुरले आहे. सफाईदार! मग टेबलावर डोकं ठेवून रडले. एक ओळ होती, वेंडेल यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप करून घातलेली. दोनशे पत्रांतली एकुलती एक खरी ओळ. ती ठेवली असती तर मिळाली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित तिच्यावरच बोट ठेवून त्यांनी मला बाजूला काढलं असतं. ते आता कळायला मार्ग नाही, आणि हेच मला खातं.

त्याच दुपारी वेंडेल आले. ट्रूडीने सांगितलं असणार. खोलीत दुसरी खुर्ची नाही, त्यामुळे ते फायलींच्या कपाटाला टेकून उभे राहिले. एकदम थकलेले दिसत होते.

"विचारणार नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "पण चार महिने झोप नाही मला. माझी ती ओळ... ती तशीच गेली का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द, आणि त्यांची सुटका. पण त्यांच्या खिडकीतली नदी, माझी ही खोली, आईचा फोनवरचा आवाज, सगळं एकदम डोक्यात गेलं. आपण एकट्यानेच का सोसायचं? यांनाही होऊ दे थोडं, असं मनात आलं. इतकं क्षुद्र मी आयुष्यात वागले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "तशीच गेली."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला. दुसरं कुणी असतं तर काढली असती. तू काढली नाहीस." मग ते सरळ उभे राहिले. "मी डीनकडे जाऊन येतोय आत्ताच. निवृत्ती पुढे ढकलतो म्हणून सांगितलं. तुझं पुस्तक पुरं झाल्याशिवाय मी ही जागा सोडत नाही. शुक्रवारी तू काम करायचं नाहीस, फक्त लिहायचं. तुझं काम मी करीन."

"वेंडेल, तुम्हाला नात झालीय. तुम्ही निवृत्तीनंतर राहायला व्हिक्टोरियात घर बघितलंय."

"ते राहू दे. माझ्या एका ओळीने तुझं वाटोळं झालं. तेवढं तरी मला भरून काढू दे." त्यांचे डोळे ओले होते, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी असं बोलत होते.

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "काही बोलू नकोस. मला माफ केलंस असंही म्हणू नकोस."

पुढच्याच शुक्रवारी ते माझ्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी अर्जाचा खर्चाचा तक्ता भरत होते. बेरीज तीनदा चुकली. मी त्यांच्या खोलीत, त्या मोठ्या खिडकीशी, कोरं पान उघडून बसले होते. दर दहा मिनिटांनी ते दारात यायचे, काही चाललंय का बघायचे, आणि मी उगीच काहीतरी टाइप करायचे.