खालच्या खोलीतला वेगळा मीटर

यशोधन माझा एकुलता एक मुलगा. बंगळुरूला असतो, पगार चांगला आहे, अक्कलही आहे असं मी लोकांना सांगते. पण दसऱ्याच्या सुट्टीत येऊन त्याने आमच्या खालच्या खोलीत जे करून ठेवलं, त्यावरून मी त्याच्याशी अजून धड बोललेली नाही.

सिडकोत आमचं रो-हाउस आहे. खालची खोली गोरक्षला भाड्याने दिलेली. तो जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. दिंडोरीकडचे द्राक्षवाले त्याच्याकडे पंप घेऊन यायचे. घराला मीटर एकच. बिल आलं की निम्मं आमचं, निम्मं त्याचं. हे ठरवलं माझ्या नवऱ्याने, गंगाधररावांनी, तेही जिन्यात उभ्याउभ्या. कागद नाही की काही नाही.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले, पण बोलणं गेलं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिला बघितलं की हे तोंड फिरवायचे. जन्मभर बँकेत लोकांवर डाफरलेला माणूस, पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. मला रडू यायचं आणि रागही यायचा.

एक दिवस गोरक्ष वर आला. म्हणाला, "काकू, काकांना जरा खाली धाडत जा. तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. इकडंतिकडं झालं की मोटार तापते, अन् माझ्या लय ध्यानात राहत नाय."

हे जाऊन स्टुलावर बसले. गोरक्ष मशीनचं हँडल हाताने फिरवायचा, एक वेढा पुरा झाला की थांबायचा आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. "एक" यायलाच कितीतरी दिवस गेले. पण आला. मग दोन, मग दहा. गणपतीच्या सुमारास हे एकदा वर आले आणि मला म्हणाले, "सुधा, चहा." मी गॅसपाशी उभी राहून ढसाढसा रडले. चहा उतू गेला तो वेगळाच.

त्यानंतरचं बिल जरा जास्त आलं. मी फोनवर यशोधनकडे कुरकुरले. भाजी महागली म्हणून कुरकुरतो ना आपण, तसंच, त्यात काही नसतं. पण पोराने ते मनावर घेतलं.

खंडेनवमीला गोरक्षने सकाळीच हत्यारं मांडून पूजा केली, झेंडू वाहिला आणि कुलूप लावून घरी गेला. पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत कोणी हलवत नाही. यशोधनला एवढंच दिसलं की आज मशीन बंद आहे, काम उरकून घेऊ. त्याने माझ्याकडची किल्ली घेतली, वायरमन बोलावला, हत्यारं फुलांसकट कोपऱ्यात सरकवली, शिडी लावली आणि भिंतीवर वेगळा मीटर ठोकला. "आई, हिशेब स्वच्छ असलेला बरा," म्हणाला. मी "अरे, आजच कशाला?" एवढं म्हणाले आणि पुरण वाटायला आत गेले.

दसऱ्याला गोरक्ष बायकोला घेऊन सोनं द्यायला आला. आधी खोली उघडली. मीटर बघितला, कोपऱ्यातली हत्यारं बघितली. हत्यारं परत जागेवर मांडली, त्यांना कुंकू लावलं आणि मीटरलाही एक बोट लावलं. मग आपट्याची पानं देऊन आमच्या पाया पडला.

महिना संपल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "काकू, अंबडला गाळा भेटला." मी भांडायला हवं होतं. एरवी मी रिक्षावाल्याशी भांडते, भाजीवाल्याशी भांडते, सोसायटीच्या चेअरमनला तर मी नकोशीच आहे. त्या दिवशी नुसतं "बरं बाबा" म्हणाले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

हे रोज सकाळी खाली जाऊन रिकाम्या खोलीत बसू लागले. संक्रांतीपर्यंत "चहा" गेला. पुढे "सुधा"ही गेलं.

शेवटी मी ह्यांना रिक्षात बसवून अंबडला नेलं. ठरवूनच गेले होते, मीटर काढून टाकते, तू परत ये, असं सांगायचं. गोरक्षला फार आनंद झाला. त्याने स्टूल पुसून ह्यांना मशीनसमोर बसवलं. मशीन तेच जुनं, पण हँडलपाशी आकड्यांची एक छोटी डबी दिसली. वेढा झाला की आकडा आपोआप पुढे सरकत होता.

"ही नवीन बसवलीस का? बरं झालं," मी म्हणाले.

गोरक्ष ओशाळला. "नाय काकू, मशीनसंगंच आलेली हाय. तिकडं मी तिच्यावर चिकटपट्टी मारली होती."

परत ये म्हणायला आले होते, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? दारात मोटार घेऊन आलेला एक माणूस सारखा घड्याळ बघत होता. गोरक्षने चिकटपट्टीचा तुकडा तोडला, आकड्यांवर दाबून लावला, हँडल एकदा फिरवलं आणि थांबला.

ह्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. दारातला माणूस म्हणाला, "भाऊ, उरका की जरा." गोरक्ष ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. दुसरा वेढा काही त्याने घेतला नाही.