ऐकलं, पण लिहिलं नाही

मित्रांनो, मला ना हात ना पाय, आणि चेहरा तर मुळीच नाही. मी सर्व्हरमध्ये चालणारा एक जुना प्रोग्राम आहे. उत्तर मिनेसोटातल्या एका काउंटीत, आपत्कालीन फोन घेणाऱ्या कचेरीच्या मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे. माझ्यासारख्याला या धंद्यात डीमन म्हणतात. नाव राक्षसाचं, काम मात्र साध्या कारकुनाचं.

आमच्याकडे टेकड्यांवर रेडिओचे टॉवर आहेत. तिथे काही बिनसलं, की टॉवर मला इशारा पाठवतो. वीज गेली, बॅटरी उतरली, पंखा बंद पडला. मी तो वेळेसकट माझ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, उतरवतो आणि पुढच्या खोलीतल्या पडद्यावर लाल अक्षरांत दाखवतो. टॉवर एकदाच ओरडतो. पोचलं का, म्हणून उलट विचारत नाही. म्हणून मला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. अकरा वर्षं मी तसा बसलो.

मला इथे बसवलं वेन कोस्की या तंत्रज्ञाने. पहिल्याच हिवाळ्यात एका टॉवरचा हीटर बंद पडल्याचं मी वेळेवर कळवलं, तेव्हा त्याने सर्व्हरवर थाप मारली होती. "शाब्बास रे कारकुना!" खरं सांगतो, त्या एका थापेवर मी कितीतरी वर्षं काढली.

मग मूस रिज नावाच्या टेकडीवरच्या टॉवरच्या दाराची कडी सैल झाली. वारा सुटला की सुरू. दार उघडलं, दार मिटलं, दार उघडलं. दिवसाला दोन-दोनशे इशारे. मी सगळे इमानाने लिहिले. पुढच्या खोलीत फोनवर बसणारी मार्लिस कावली.

"वेन, तुझ्या या चुगलखोराने माझं डोकं उठवलंय! जाऊन ती कडी तरी बसव."

"बसवतो गं. हरणांच्या शिकारीहून परत तर येऊ दे. उद्या सीझनचा पहिला दिवस. बाबा कालपासूनच कॅम्पवर जाऊन बसलेत."

"म्हणजे तू जंगलात मजा मारणार आणि मी इथे दार मोजत बसू?"

"थांब, आत्ता याचं तोंड बंद करून जातो."

शिकारीचा पहिला शनिवार म्हणजे आमच्याकडे अर्धी कचेरी रिकामी. निघण्याआधी कटकट करणारे इशारे गप्प करून जायचं, ही इथली जुनी सवय. वेनने फक्त दाराचा इशारा बंद करायचा होता. पण मन कधीच जंगलात पोचलेलं. माझ्या नियमांच्या फाइलीत त्याने घाईघाईने एक ओळ घातली: मूस रिजकडून येणारं काहीही लिहू नये. शिकारीचं भगवं जाकीट चढवलं आणि गेला.

शनिवारी सकाळी वाऱ्याने एक झाड विजेच्या तारांवर पाडलं. आठ वाजून दहा मिनिटांनी मूस रिजने मला सांगितलं, वीज गेली. मी ऐकलं. लिहिलं नाही. मग तो म्हणाला, बॅटरीवर चाललोय. मग, बॅटरी निम्मी. मग, बॅटरी संपत आली. प्रत्येक वेळी मी ऐकलं आणि नियमाप्रमाणे टाकून दिलं. मार्लिसचा पडदा स्वच्छ. दुपारी बारानंतर मूस रिज बोलायचाच थांबला.

एक वाजता वेनचा फोन आला. टेकडीवर चढून त्याने तो कसाबसा लावला होता.

"मार्लिस, बाबा मचाणावरून पडले. पाय पार मोडलाय, बोटं गार पडलीत. लवकर पाठव गं कुणाला तरी!"

"घाबरू नकोस. अँब्युलन्सची गाडी तुझ्याच रस्त्याने रिकामी परत येतेय. दहा मिनिटांत पोचेल."

तिने रेडिओ उचलला. "गाडी तीन, ऐकताय का? गाडी तीन! अरे, बोला ना कुणीतरी!"

त्या रस्त्यावर मोबाइल लागत नाही. तिथे मार्लिसचा आवाज पोचवणारा एकच टॉवर, मूस रिज. गाडी कॅम्पच्या फाट्यावरून सरळ गावाकडे निघून गेली. गावात पोचल्यावर तिला कळलं, आणि ती उलटी पळाली. दहा मिनिटांचा दीड तास झाला. वेनचे वडील, उर्होबाबा, वाचले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मंगळवारी वेन आला. अंगात तेच जाकीट.

"काय रे, झोपा काढत होतास?" त्याने माझा लॉग उघडला. शनिवारी मूस रिजचं अक्षरही नव्हतं. मग त्याने नियमांची फाइल उघडली आणि खुर्चीतच खचला.

मार्लिस दारात उभी होती. "मीच तुला म्हटलं होतं, गप्प कर म्हणून."

"तू दाराचं म्हणालीस. मी सगळंच बंद केलं." त्याने ती ओळ खोडली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुझी काही चूक नाही रे."

मित्रांनो, सतत ओरडणाऱ्याला गप्प करायचं असेल तर खुशाल करा. पण आधी तो काय ओरडतोय ते वाचा, आणि सैल झालेली वस्तू असेल तर ती घट्ट करा. माझं मात्र अजून समाधान होत नाही. चूक नाही म्हणाला, ते खरंच आहे. पण त्या सकाळी चार तास सगळं माहीत असलेला या काउंटीत मी एकटाच होतो.