ताईंना विचारा

मला मुक्त करायला कोशविभागाच्या प्रमुखांची हरकत नव्हती. माझ्यावाचून काम चालले पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. दुसऱ्या शहरातल्या संशोधनसंस्थेने माझी जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. तिथेच राहणाऱ्या धाकट्या बहिणीने माझ्यासाठी एक खोली रिकामी करून तिला पडदेही लावले होते.

विभागाचे सारे काम संगणकाच्या काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करून चाले. दोन-चार अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द यंत्र भरते. मात्र आपल्या घरच्या आज्ञा, आपले खंड त्याला आधी शिकवावे लागतात. मी शिकवले. 'छपाई' लिहून टॅब दाबली की तपासून झालेले खंड तेवढे समोर येत. न तपासलेला खंड कुणी चुकूनही छापखान्याकडे धाडू शकत नसे. एकेका व्युत्पत्तीवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या विद्वानांना आता काहीही आठवण्याची गरज उरली नव्हती, आणि ही सवलत त्यांनी अत्यंत निष्ठेने उपभोगली.

अडचण एकच राहिली. पहिलेच अक्षर चुकले तर यंत्र गप्प बसे, आणि गप्प यंत्रापुढे माझे सहकारी भूत पाहिल्यासारखे थिजत. म्हणून तात्पुरती सोय केली: जुळणारे काहीच न सापडल्यास पडद्यावर उमटावे, 'ताईंना विचारा.'

शुक्रवारी प्रमुख स्वतः परीक्षेला बसले. दोन बोटांनी काहीतरी बडवून त्यांनी टॅब दाबली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय, ताई?"

"ती ओळ काढायची राहिली. आत्ता काढते."

"अहो, काढता कशाला? यंत्रालासुद्धा कळतं, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही!"

"सर, तुम्ही अक्षर चुकीचं दाबलंत."

"तेच म्हणतोय मी. आम्ही चुकणारच. तुम्ही गेलात तर विचारायचं कुणाला?"

मागून काका, म्हणजे निवृत्तीला टेकलेले आमचे उपसंपादक, खाकरले. "दावं स्वतःच्या हातानंच वळलंत की, ताई!"

सगळे हसले. एखाद्याच्या जन्मठेपेवर इतके निर्मळ हसण्यासाठी फार वाचन लागत असावे. प्रमुखांनी माझ्या अर्जावर 'तूर्त शक्य नाही' असा शेरा मारला आणि माझे अभिनंदन केले.

जागेवर येऊन मी ती ओळ पुसली. यंत्र पुन्हा मुके झाले. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"ताई, पलंग कुठे लावू गं? खिडकीशी की भिंतीशी?"

मी तोंड उघडण्याआधीच शेजारच्या खोलीतून काकांची हाक आली.

"ताई! अहो, टॅब दाबतोय, काहीच येत नाहीये!"

"थांब जरा," मी बहिणीला म्हटले, आणि उठले.