चार बोटं समास

डबा उघडला आणि आधी मातीच बाहेर पडली. वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"संपलं, साहेब!" त्यांचा दीर शेषराव तहसीलदारांकडे पाहून हसला. "वहिनीचं वाटणीपत्र वाळवीनं खाल्लं. आता कायची वाटणी? विहिरीचं वावर माह्यंच."

मलकापूरच्या तहसील कचेरीत कोपऱ्यात बसलेले अर्जनवीस अर्जुनराव उठले. बावीस वर्षांपूर्वी हा कागद त्यांनीच लिहिला होता. चहूबाजूंनी चार-चार बोटं समास सोडायचा आणि मधे टिचभर मजकूर, ही त्यांची रीत. लोक टिंगल करत. त्यांच्या समासात म्हणे एकदा एक बैलजोडी दिवसभर चरली, तरी अक्षराला तोंड लागलं नाही.

"हात नोका लावू, बाई. भुगा होईन."

कागदाखाली पुठ्ठा सरकवून त्यांनी हलकेच फुंकर मारली. पहिली घडी उघडली. वरची कड गेलेली. दुसरी उघडली. डावी-उजवीही गेलेली. एक जिवंत वाळवी पहिल्या ओळीच्या काठानं चालली होती.

"काऊन वेळ लावून राह्यले, बुवा? निंगा घरी!" शेषराव खेकसला.

तिसरी घडी उघडली. 'विहिरीकडील तीन एकर वच्छलाबाईंचे...' मजकूर अख्खा होता. खाली अंगठाही.

"पन लिहिनाराची सही कुठी हाय?" शेषराव ओरडला. "असा कागद कोनीबी लिहीन!"

तहसीलदारांनी मान वर केली. "अर्जुनराव, सही कुठे केली होती?"

"समासात, साहेब."

"तिथे का?"

"कीड कडेनं येते. तिच्या तोंडी कोनाचं तरी नाव पडनारच. ज्याईले वावर पाह्यजे त्याईचं काऊन द्यावं? माह्यं देल्लं. अन् मधातला अंगठा शेषरावांचा हाय. शाई लावून पाहा."

"शेषराव, हात पुढे करा."

शेषरावानं मूठ उपरण्यात लपवली. तहसीलदारांनी कागद खरा धरला आणि नक्कल करायला सांगितली.

दुपारी कारकुनानं वर 'मध्यप्रांत-वऱ्हाड' छापलेल्या सरकारी कागदावर नक्कल उतरवली. शेवटी टाक थांबला.

"लिहिणाऱ्याचं नाव घालू का, अर्जुनराव? तुम्ही समोरच आहात."

"नक्कल हाय, बापू. दिसते थेच लिहा."

कारकुनानं लिहिलं : 'लिहिणाराचे नाव वाचता येत नाही.'

अर्जुनरावांनी ओळ नीट वाचली आणि ओल्या शाईवर स्वतःच्या हातानं टीपकागद दाबला.