आत्याचा उजवा गाल

आमच्या बंधुराजांना सूर्य पसंत नाही. भर दुपारी चांगला लख्ख उजेड पडलेला असताना हे महाशय आधी कॅमेऱ्यात तो उजेड मारून टाकणार, आभाळ काळंनिळं करून घेणार आणि मग बाजूला स्टँडवर लावलेल्या फ्लॅशचा झोत माणसाच्या तोंडावर टाकणार. माणूस वादळात सापडल्यासारखा दिसतो. याला ते ड्रामा म्हणतात. घरातला झाडू कधी न सापडणाऱ्या या माणसाला ड्रामा मात्र कुठेही सापडतो.

अशा माणसाकडे आत्यानं फोटो मागितला. तिच्या उजव्या जबड्यातली गाठ काढायची ठरली होती. हाडाबरोबर गालही बराचसा जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. ती हसली की त्या गालावर खळी पडायची. अगदी तशीच आमच्या बाबांनाही पडायची, आणि बाबा आता नाहीत. आत्यानं जन्मभर लोकांना मिरवायला कपडे शिवले, पण स्वतः कॅमेरा दिसला की ओठ मिटून खांबासारखी उभी. त्यामुळे खळीचा एकही फोटो नव्हता.

"गाल जायच्या आधी एकदा सगळा चेहरा नीट काढून दे," ती त्याला म्हणाली. "हसतेय असा."

मी म्हटलं, माझ्या फोनवर आत्ताच काढते. तर घरात एवढा फोटोग्राफर असताना फोन कशाला, असं तीच म्हणाली. भाच्याचं तिला भारी कौतुक. त्यानं ते कधी कमावलं, देव जाणे.

मग आमची वरात निघाली गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीकडे, कारण घराच्या अंगणात फोटोला म्हणे खोली येत नाही. दुखरा जबडा धरून आत्या खडीतून चालत होती आणि हे पुढे, दोन बोटांची चौकट करून आभाळ न्याहाळत. माझ्याकडे फ्लॅशचा स्टँड आणि त्यावरची पांढरी छत्री सांभाळायचं काम. थोरल्या बहिणीचा मान तेवढाच.

सुरुवातीला तो अंदाजासाठी नुसत्या उन्हातले दोन-चार फोटो काढतो. ते चालू असतानाच वारा सुटला आणि मी छत्रीसकट खडीत बसकण मारली. आत्या खळखळून हसली. गालावर खळी पडली, डोळे मिटले, पदर खांद्यावरून घसरला. त्याचं बोट बटणावर होतंच, दोनदा खटखट झालं. त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं, नाक मुरडलं आणि दोन्ही तिथल्या तिथे पुसून टाकले. कचरा घरी न्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्या नियमाचा त्याला कोण अभिमान.

मग खरा खेळ सुरू झाला. आत्यानं हसायचं नाही, हसण्यानं ड्रामा जातो. स्टँड तिच्या डाव्या हाताला, म्हणजे उजवी बाजू अंधारात. मी म्हटलं, अरे, तिला तीच बाजू हवी आहे.

"ताई, तिकडे सूज आहे. चांगली बाजू दाखवायची असते. तू फक्त स्टँड धर."

आत्या म्हणाली, करू दे त्याला, त्याला कळतं. मी स्टँड धरला.

ऑपरेशन झालं. आत्या खिडकीपाशी उशीला टेकून बसायला लागली, तेव्हा हा फोटो मोठा करून, काळ्या चौकटीत घालून घेऊन आला. त्याच्या फोटोग्राफर मित्रांनी त्याची म्हणे तोंड भरून स्तुती केली होती. मागे काळं आभाळ, अर्धा चेहरा दगडात कोरल्यासारखा आणि अर्धा नाहीच.

आत्यानं बराच वेळ पाहिलं. आता तिला शब्द सावकाश, एकेक करून काढावा लागतो.

"ही बाजू मला रोज आरशात दिसतेच," ती म्हणाली. "दुसरी कुठंय?"

हा सावल्यांबद्दल, गूढतेबद्दल बोलायला लागला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ताई पडली तेव्हा काढलेले दाखव, मी हसले होते ते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी का म्हणून त्याला वाचवू? मी सांगून टाकलं की ते त्यानं तिथेच पुसले.

"परत काढू ना, आत्या," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याची नजर आत्याच्या तोंडावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते तोंड नीट पाहिलं असावं.

आत्यानं फोटोतल्या उजेडातल्या गालावर तळहात ठेवला. हाताखेरीज चौकटीत नुसता काळोख उरला. तिनं त्यात वाकून पाहिलं, खरंच शोधल्यासारखं. मला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली.

तिनं हात काढून घेतला. तो रडवेला झालेला तिला दिसला असणार.

"फ्रेम छान आहे रे," ती त्याला म्हणाली.