पायाचा दोष

काचवाल्या बाईंचा ट्रक गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला आणि मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

नवा ड्रायव्हर खाली उतरला. रुंद खांदे, जाड मान; बाईंच्या काचेच्या दुकानात आल्या दिवशीच सगळ्यांनी त्याला पैलवान म्हणायला सुरुवात केली होती.

“मिस्त्री, हा ट्रक आहे की खेचर?” तो म्हणाला. “दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मागून अशी लाथ घालतो, की तोंडात कवळी असती तर रस्त्यात गोळा करत बसलो असतो. आणि म्हणायचं काय, तर ऑटोमॅटिक! आपोआप गिअर बदलणार, आपोआप लाथ मारणार.”

“तुमचा पाय जड पडत असेल,” मिस्त्री म्हणाला.

म्हणता म्हणता त्याला आठवलं. असंच काहीसं तो यापूर्वी एकदा बोलून गेला होता. तेव्हा समोर पैलवान नव्हता, मिस्त्रीचे स्वतःचे सासरे होते.

सासऱ्यांनी हा ट्रक कितीतरी वर्षं चालवला होता. लाकडी चौकटीत उभ्या रचलेल्या काचा, मधेमधे फेल्टच्या मऊ पट्ट्या, आणि पुढे सासरे. निजलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावं तसा ते माल न्यायचे. चढ आला की ट्रकशी गुणगुणायचे:

*हळू हळू चाल बाई, नको करू घाई,*
*पाठीवर आरसा तुझ्या, चेहरा त्यात नाही.*

मग काचा तडकू लागल्या. आज एक, उद्या दोन. सासरे म्हणाले, गिअरबॉक्स झटका देतोय, माल भरलेला असला की मारतोय. बाईंनी ट्रक मिस्त्रीकडे पाठवला. मिस्त्रीने स्कॅनर लावला. पडद्यावर एकही दोष उमटला नाही. रिकामा ट्रक त्याने मागच्या रस्त्याने फिरवून आणला. लोण्यात सुरी जावी तसे गिअर पडले.

“गाडी ठीक आहे,” बाईंच्या टेबलापाशी उभं राहून तो म्हणाला होता. शेजारीच सासरे होते. “वय झालं की पायाला अंदाज राहत नाही. कधी कमी दाबला जातो, कधी जास्त.”

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट, म्हाताऱ्या माणसाची दगदग थांबेल असंच त्याला वाटलं होतं. सासऱ्यांनी खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. शाळेतून तक्रार आल्यावर बाप पोराकडे पाहतो, तसं. मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“जावईबापू म्हणतात म्हणजे असेलच,” ते म्हणाले. “त्यांना गिअरच्या पेटीच्या पोटातलं कळतं. मला नुसती वरून ओळख.”

त्या दिवसापासून ते खुर्चीत बसले की उजव्या पायाचा चवडा जमिनीवर हळूच दाबत, हळूच उचलत. कुणी पाहिलं की थांबत. डॉक्टरला गुडघा दाखवून आले, घोटा दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. सासरे म्हणाले, डॉक्टरला वरून काय दिसणार. नातीला कडेवर घेऊन जिना उतरायचं त्यांनी सोडून दिलं. ती हात वर करून उभी राहायची आणि ते म्हणायचे, “आईला बोलव गं. आजोबाच्या पायाचा भरवसा नाही.”

आणि आता हा पैलवान. देवा, याचाही पाय जड निघू दे, असं मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं. आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने पुन्हा स्कॅनर लावला. पुन्हा कोरा पडदा. त्याने रिकामा ट्रक काढायला किल्लीला हात घातला, तसा पैलवान हसला.

“रिकामा फिरवून काय कळणार? हमालाची पाठ ओझ्याखाली दुखते हो.”

‘माल भरलेला असला की मारतोय.’ सासरे हेच म्हणाले होते. शब्द कानावर पडले होते, आत गेले नव्हते.

शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती आणून ट्रक भरला. पैलवान चालवायला बसला, मिस्त्री स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी. पेटीतले गिअर तेलाच्या दाबाने बदलतात. तो दाब किती हे एक छोटा व्हॉल्व्ह ठरवतो, आणि व्हॉल्व्हला हुकूम जातो विजेच्या तारेतून. हुकूम पोचत राहतो तोवर दाब मवाळ. हुकूम क्षणभर जरी तुटला, तरी पेटी घाबरते आणि सगळा जोर लावून गिअर आवळते. गिअर धरणाऱ्या आतल्या चकत्या घसरून जळू नयेत म्हणून तिला घडवलंच तसं आहे.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पडद्यावरचा दाबाचा आकडा दूध उतू जावं तसा वर आला. त्याच क्षणी मागून धाडकन लाथ बसली.

“बघा!” पैलवान म्हणाला. “आता माझा पाय पिसासारखा होता की नाही?”

होता. मिस्त्री पायाकडेच बघत होता.

भरलेला ट्रक त्यांनी तसाच गॅरेजच्या खड्ड्यावर आणला. मिस्त्री दिवा घेऊन खाली उतरला. ओझ्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, चेसिसचा सांगाडा किंचित लवला होता. पेटीकडे जाणारा तारांचा जुडगा लोंबून एका लोखंडी काठावर टेकला होता. रिकाम्या ट्रकमध्ये तिथे बोटभर अंतर राहिलं असतं. एका तारेचं आवरण घासून घासून गेलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. ट्रक हादरला की तांबं लोखंडाला लागायचं आणि हुकूम तुटायचा. इतका थोडा वेळ, की स्कॅनरला नोंद घ्यायलाही सवड नाही.

त्याने दिवा वर धरला. चेसिसमध्ये एक भोक रिकामं होतं. जुडगा वर धरून ठेवणारी क्लिप तिथे असायला हवी होती.

काचा तडकायला लागण्याच्या थोडं आधी पेटीचं तेल आणि फिल्टर त्यानेच बदललं होतं. खालचं झाकण काढताना क्लिप आड येत होती, ओढताना ती मोडली. नवी नंतर लावू, असं तो म्हणाला होता. कुणाला नाही, स्वतःलाच. ते नंतर आलंच नाही.

“सापडलं का?” वरून पैलवानाने विचारलं.

“सापडलं.”

“मग? माझा पाय?”

“नाही. पायाचा दोष नव्हता.” एवढं बोलून मिस्त्री खड्ड्यातच उभा राहिला. रिकाम्या भोकात त्याने बोट घालून पाहिलं.

दुपारपर्यंत त्याने तारेचा तेवढा तुकडा बदलला, वरून जाड आवरण चढवलं, नवी क्लिप बसवली आणि ती बसलीय ना, हे ओढून ओढून पाहिलं. बाई आल्या.

“काय निघालं हो?”

“वायर घासली होती.”

“वायर म्हटली की घासायचीच! तुमच्या हातात आली म्हणून सापडली तरी. दुसरीकडे नेली असती तर अख्खी पेटी उतरवायला लावली असती.”

शाबासकी अंगाला कुसळासारखी टोचत राहिली. क्लिपचं नाव न काढता तो हत्यारं पुसू लागला.

संध्याकाळी बायको धुतलेले कपडे घडी करत होती. त्याने सांगितलं, ट्रकमध्येच बिघाड होता.

तिच्या हातातली चादर अर्धी घडी तशीच राहिली. “म्हणजे आप्पांचा पाय...”

“चांगला होता.”

“मग त्यांना सांगा ना. इथे मला काय सांगताय?”

“उद्या सांगतो. तशीही पेटीला आता नव्याने वळण लावावं लागेल, आणि त्याला हलका पाय लागतो. त्यांनाच नेणार आहे.”

“वळण लावायला नेताय की माफी मागायला?”

“दोन्ही होईल की त्यात.”

“नाही होणार, अहो. एकाच्या आड दुसरं लपेल.” तिने चादर झटकून पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.

क्लिपचं त्याने तिलाही सांगितलं नाही.

सकाळी सासरे चप्पल घालून तयार होते, पण दारातच रेंगाळले. “पैलवानाला न्या की. जवान आहे.”

“मामा, त्याचा पाय म्हणजे हातोडा. पेटीची जुनी आठवण मी पुसलीय. कुठला गिअर किती हळुवार घ्यायचा, हे ती आता चालवणाऱ्याच्या पायाकडून शिकणार. नवी नवरी समजा. घरात पहिला आवाज चढा ऐकला तर ती तेच वळण धरेल.”

“आणि माझ्या पायाकडून कापरं शिकली तर?”

“तुमच्या पायाला काही झालेलं नाही. वायर घासली होती, मामा.”

सासरे हसले. त्या हसण्यात विश्वास नव्हता, समजूतदारपणा होता.

वाळू अजून ट्रकमध्येच होती. वखारींच्या मागचा वाटोळा, मोकळा रस्ता. सासऱ्यांनी स्टीअरिंगवरून एकदा तळवा फिरवला आणि पाय टेकवला. ट्रक निघाला. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला धक्का बसला. पूर्वीसारखा नव्हे, पण बसला. अजून शिकली नव्हती ती.

सासऱ्यांनी चटका बसल्यासारखा पाय उचलला. ट्रक कडेला थांबला.

“बघितलंत?” ते हळूच म्हणाले. “पाय.”

“पाय नाही हो, पेटी. कोरी आहे ती. चार फेऱ्यांत मऊ होईल.”

“जावईबापू, मला बरं वाटावं म्हणून कशाला बोलता? वायर म्हणता, कोरी म्हणता. मला काय कळतं त्यातलं? पोरीने सांगितलं असेल, आप्पांची समजूत काढा.”

मिस्त्रीच्या लक्षात आलं, की त्याने सांगितलेलं खरं यांच्यापर्यंत पोचायचं असेल, तर सगळंच सांगावं लागेल. अर्ध्याला ते दया समजत होते.

“वायर आपोआप घासली नाही, मामा,” तो म्हणाला. “तिला धरून ठेवणारी क्लिप असते. तेल बदललं तेव्हा ती माझ्या हातून मोडली. नवी लावायची मी विसरलो. तिथून काचा फुटायला लागल्या. तुम्ही सांगत होतात, भरलेला असला की मारतो. मी रिकामा फिरवून आणला आणि तुमच्या पायावर ढकललं. बाईंसमोर.”

इंजिन धडधडत होतं. सासऱ्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, मनगटांवरच्या शिरा वर आल्या होत्या.

“म्हणजे काचा मी नाही फोडल्या.”

“नाही.”

“एकही?”

“एकही नाही, मामा.”

त्यांनी एक हात काढून उजव्या गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, “पोर हात वर करायची हो. मी उचलून घ्यायचो नाही.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे तोंड वळवलं.

“बाईंना हे सांगितलंत?”

“वायर घासली, एवढंच.”

“क्लिपचं?”

“नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. ट्रकच्या दाराकडे बोट केलं. “उतरा.”

“मामा...”

“उतरा खाली. तुम्ही शेजारी बसलात की माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही, तुमच्या तोंडाकडे जातं. दुकान जवळच आहे. चालत जा आणि सांगून या.”

मिस्त्री उतरला. दार त्याने हळूच लावलं. दुकानाकडे जायला हाच वाटोळा रस्ता. तो कडेकडेने चालू लागला.

मागून ट्रक निघाला. पहिला गिअर, दुसरा, आणि तिसऱ्याला मागच्या लाकडी चौकटींचा खडखडाट. सासरे त्याच्या बाजूने सरळ पुढे निघून गेले. पाय उचलला नाही त्यांनी. वळणावर ट्रक दिसेनासा झाला, थोड्या वेळाने पुन्हा मागून आला. पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. खडखड आता कमी. मिस्त्रीला वाटलं, हात दाखवावा, थांबवावं, अजून काही बोलावं. त्याने हात खाली ठेवला. सासरे नजर समोर ठेवून गेले. धूळ उडाली आणि हळूहळू बसली.

त्यानंतरच्या फेरीला तो कान लावून चालत होता. इंजिनाचा सूर चढत गेला, उतरला, परत चढला. तिसरा गिअर नेमका कधी पडला ते त्याला कळलंच नाही. ट्रक पुढे गेला, आणि तरीही थांबला नाही.

दुकानात बाई एका मोठ्या काचेवरचं स्टिकर नखाने खरवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. “या, मिस्त्री. चालत? ट्रक कुठेय?”

“येतोय,” तो म्हणाला. “आमचे मामा चालवतायत. बाई, हातातलं काम जरा ठेवता का? काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं.”