एकशे बारा डोकी

नाहिदनं दोन वर्षं राग लोणच्यासारखा मुरू दिला.

त्याआधी आठ वर्षं ती घाटंजीहून स्कूटीवर तांड्यात जायची. बंजारा बायांच्या चालीरीती तिनं घरोघर बसून लिहून घेतल्या, एकशे बारा बायांच्या डोक्यांची मापं घेतली. पुस्तक निघालं ते तिचे मार्गदर्शक, मानवशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. भगवानराव यांच्या नावानं. नाहिदचं नाव शेवटच्या पानावर, टंकलेखनाच्या आभारांत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! वर साहेबांचीच तक्रार, की नाहिदनं आपला प्रबंध त्यांच्या पुस्तकातून चोरला. ते खरं ठरलं असतं तर तिची पदवीही गेली असती आणि कॉलेजातली नोकरीही.

चौकशी समितीकडे तिनं एकच मागितलं. चौकशी तांड्यात करा.

तांड्याचा नायक हरिसिंग याच्या अंगणात समितीचे तिघं खुर्च्यांवर बसले. समोर पुरुष, मागे ओढण्या सावरत बाया. भगवानराव कडक इस्त्रीत आले होते. घाटंजीच्या रहमत मिस्त्रीची पोरगी आपलं काय वाकडं करणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

नाहिद उठली. आवाज अगदी गरीब विद्यार्थिनीचा.

“सर, डोक्यांची मापं कुणी घेतली?”

“मीच. या दोन हातांनी.”

“एकशे बाराही?”

“एकूण एक!”

“ओढणी काढल्याशिवाय माप बरोबर येत नाही ना, सर?”

“अर्थात. काढायलाच लावली मी.” ते समितीकडे बघून हसले. “पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हे.”

मागच्या बायांनी ओढण्या आणखी पुढे ओढल्या. या तांड्यातली लग्न झालेली बाई परक्या पुरुषापुढे डोकं उघडं करत नाही. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात नाहिदनं ते सविस्तर लिहिलं होतं. स्वतःच्या नावाचं पुस्तक साहेबांनी वाचलंच नव्हतं.

म्हातारी रुपीबाई कमरेवर हात ठेवून उठली. “याले तं मी आजच पाहून राह्यली! माह्या सासऱ्यानं मरेस्तोवर माहं डोकं पाह्यलं नाही, अन् यानं पाह्यलं?”

हरिसिंगही उठला. “आमच्या बायायच्या डोक्याले हात लावला तुम्ही, साहेब? कवा? कोणाच्या घरात?”

त्याच्यामागे सगळे पुरुष उभे राहिले. भगवानरावांच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, आणि तो बघून नाहिदला मनापासून बरं वाटलं.

“तसं नाही हो... नाहिद, सांग ना यांना!”

“काय सांगू, सर? हात लावला म्हणू, की खोटं लिहिलं म्हणू? तुम्हीच ठरवा.”

त्यांनी एकदा समितीकडे पाहिलं, एकदा हरिसिंगकडे. मग पुटपुटले, “मी इथं कधी आलोच नव्हतो.”

अध्यक्षांनी पेन उघडलं. एवढ्यावर भागलं असतं.

“मोठ्यानं सांगा, सर,” नाहिद म्हणाली. “मागच्या बायांना ऐकू गेलं नाही.”